पारा पकडणारा वास

१. शाबूत शेगडी

आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात मनकर्णाबाईच्या घराच्या छपराची कवेलू उडून शेजारच्या अंगणांत पडली. मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली. हातमागाचा जाड लाकडी तुळवा छताला धडकून दुभंगला. आणि मनकर्णाबाई गेल्या. पण ओट्यावरची गॅसची शेगडी होती तिथेच होती, आणि तिच्यावरचं चहाचं पातेलंही कलंडलेलं नव्हतं.

ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली, पण तिचा विचार कोणी केला नाही. विचार करायला गावाकडे त्याहून चविष्ट विषय होता: सून.

नागपंचमीचा दिवस होता. पुऱ्यातल्या बाया वारुळाला गेल्या होत्या. हर्षा रिकामी दुधाची वाटी घेऊन परत आली, गल्लीच्या तोंडाशी पोचली, तेवढ्यात घर उडालं. धुरात पहिली शिरली ती तीच. सासूला बाहेर ओढून आणताना तिचे दोन्ही हात भाजले. पण गावाने त्या हातांचा अर्थ वेगळाच लावला. सकाळी शेवटचा चहा हिनेच केला, बटण हिनेच उघडं ठेवलं, आणि आत शिरली ती बटण बंद करायला. सासू-सुनेचं भांडण पुऱ्याला पाठ होतं.

नवरा प्रविण गॅस एजन्सीच्या गाडीवर सिलिंडर पोचवायचं काम करायचा. पोलिसांपुढे त्याने मान खाली घालून सांगितलं, "मी मोहाडीले गेलो होतो साहेब. घरी माय एकटीच होती. बटण राहून गेलं असंल तिच्याकडून. ती विसरभोळी हाय."

हर्षा एकच वाक्य धरून बसली होती.

"मी निघाली तवा वास नोव्हता. माह्या नाकाले फसवता येत नाही."

ठाणेदार मारोतराव कंटाळून म्हणाले, "बाई, गॅस गळते अन् वास येत नाही, असं होते का कुठं?"

त्याच दुपारी एक माणूस ठाण्यात येऊन म्हणाला, "होते साहेब. मी सांगतो कसं."

२. इश्वरचा खुलासा

दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी तृप्ती खोब्रागडे यांना बोलावून घेतलं. तृप्ती मॅडम मोहाडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या. केस पिकले होते, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. आधी एकदा दारूतल्या विषाच्या प्रकरणात मारोतरावांनी त्यांना विचारलं होतं. तेव्हापासून रसायनाचा शब्द आला की ते त्यांनाच फोन लावत.

"तुमचाच विद्यार्थी हाय," ते म्हणाले, "अन् तुमचंच नाव घेऊन राहिला."

इश्वर एजन्सीच्या गोदामाचा व्यवस्थापक होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. मॅडमना पाहताच तो उठून पाया पडला.

"मॅडम, तुमीच शिकवलं होतं. गॅसले सोताचा वास नसते. गळती समजावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन टाकतात. गंधकाचा पदार्थ. अन् त्या नावाचा अर्थ तुमी सांगितला होता, आठवते? मर्क्युरियम कॅप्टन्स. पारा पकडणारा."

"आठवतं."

"तर हे पाहा. मनकर्णाबाईच्या घरात तांदळाची ढोली. ढोलीत किडे लागू नये म्हणून पाऱ्याच्या टिकड्या. ओटा अन् ढोली एका भिंतीले. मर्कॅप्टननं पारा धरला, पाऱ्यानं मर्कॅप्टन. गॅस राहिला, वास गेला. सून खरंच बोलून राहिली साहेब. तिची चूक नाही, आमची नाही, कोणाचीच नाही. बुढीनं पारा ठेवला, बस."

मारोतरावांनी मॅडमकडे पाहिलं. "नावातच हाय म्हणते. बरोबर हाय का?"

तृप्तीला त्या क्षणी उत्तर देता आलं असतं. पण तिने इश्वरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्गात पहिला हात वर करणारा तो मुलगा तिला आठवला. उत्तर चूक असलं तरी इतक्या खात्रीने द्यायचा, की अर्धा वर्ग माना डोलवायचा.

"नावाचा अर्थ बरोबर सांगितलास," ती म्हणाली. "घर पाहिल्याशिवाय पुढचं बोलणार नाही."

इश्वर हसला. "पाहा ना मॅडम. पण लवकर. तेरवीच्या आधी त्या पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं तर पुण्य लागंल."

पुण्याची एवढी घाई असलेली माणसं तृप्तीने फार पाहिली नव्हती.

३. खड्डा

माग-खोलीतच स्वयंपाक होता. हर्षाने हातांच्या पट्ट्या सांभाळत दार लोटलं. तिची छोटी मुलगी शेजारच्या सुमनबाईंच्या घरी होती. एका भिंतीला ओटा, ओट्यालगत बांबूची शेणाने लिंपलेली ढोली, आणि समोर माग. मागाखाली जमिनीत खोदलेला खड्डा. विणणारा पाय आत सोडून बसतो तो.

तृप्ती खड्ड्याच्या काठावर बसली. खड्ड्याच्या भिंती काजळल्या होत्या. त्यातल्या पायपट्ट्यांचे तुकडे वर उडून छताच्या बांबूत अडकले होते. ओट्यावर मात्र पातेलं.

"सासूबाई कुठे सापडल्या?"

"इथंच. खड्ड्याच्या काठावर, वाकलेली." हर्षाने भिंतीकडे बोट केलं. हळदीने काढलेला नाग अर्धा काळा पडला होता. "आमच्या घरची रीत हाय. नागपंचमीले आमी जमीन उकरत नाही, काही चिरत नाही, कोणता जीव मारत नाही. अन् हा खड्डा तर बारा महिने जमिनीले पाडलेली जखमच ना. म्हणून त्या दिवशी सासूबाई दिवा लावून खड्ड्यात उतरवे. माफी मागे नागाले. मले म्हणे, तू वारुळाले जा, मी इथं पाहतो."

"सासूबाईंना गॅसचा वास आला नसेल?"

हर्षाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसण्यासारखं काही तरी आलं.

"तिले कोणताच वास येत नोव्हता मॅडम. जिंदगीभर रेशमाचे कोसे उकळायच्या गुंडावर वाकली, त्या वासानं नाक मेलं. दूध नासलं का, भाजी उतरली का, सारं मलेच हुंगायले लावे. भांडण झालं तरी वाटी पुढं करे. तोंडानं बोले नाही, नुसती वाटी पुढं."

"हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं?"

"पुऱ्याले ठाऊक होतं."

तृप्तीने हातमोजा चढवून ढोलीत हात घातला. तांदळात खोल एक पुरचुंडी होती, गाठ घट्ट. आतल्या टिकड्या कोरड्या आणि अखंड. एक फोडली तर करड्या भुकटीत पाऱ्याचे बारीक थेंब चकाकले आणि तिच्या हातमोज्यावरून घरंगळत गेले.

"हे मी नेते," ती म्हणाली. मग उठता उठता तिने मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पाहिलं. तिथे मुठीएवढं भोक होतं.

"ते कसलं?"

"जुनं हाय. ताण्याचं उभं सूत लांब पडलं की दोरी भिंतीपलीकडं ओढून मागच्या सपरीतल्या खुंट्याले बांधत. आता कोण बांधते? माग एकट्या सासूबाईचाच होता. हे तर गॅसच्या गाडीवर गेले."

भिंतीला टेकलेल्या त्या छपराच्या सपरीचं दार बाहेरून होतं. कुलूप लावलेलं.

"चावी?"

"ह्याइच्याजवळ," हर्षा म्हणाली. "आधी कधी कुलूप नोव्हतं."

४. बरणी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तृप्तीने एक काचेची बरणी घेतली. मनकर्णाबाईच्या सगळ्या टिकड्या कुटून तिच्या तळाशी पसरल्या. वरून तुटक्या थर्मामीटरचा पारा ओतला. बर्नरच्या नळीतून थोडा गॅस आत सोडला, झाकण मेणाने बंद केलं आणि बरणी व्हरांड्यात सावलीला ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने मारोतरावांना ठाण्यासमोरच्या मोकळ्या मैदानात उभं केलं आणि झाकण किंचित उचललं.

ठाणेदार दोन पावलं मागे सरले. "अरे बाप्पा! हा तर गॅसचाच वास!"

"घरात होता त्याहून जास्त पारा, आणि गॅस बरणीभरच. तरी वास गेला नाही. तिथे तर खोलीभर गॅस होता, आणि टिकड्या तांदळाखाली गाठीत."

"मंग नावात काहून आला पारा?"

"कोपनहेगनमध्ये झाइझ नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १८३४ साली त्याने हा पदार्थ वेगळा काढला. पाऱ्याच्या तांबड्या भस्माला, म्हणजे ऑक्साइडला, तो झपाट्याने धरतो असं त्याला दिसलं. म्हणून लॅटिनमध्ये नाव ठेवलं, पारा पकडणारा. पण चकाकणारा, घरंगळणारा पारा तो इतक्या सहज धरत नाही. दरवर्षी मी वर्गात दोन्ही सांगते. गोष्टीचं डोकं पोरांच्या लक्षात राहतं, शेपूट घंटेबरोबर पळून जातं."

"म्हणजे इश्वर चुकला."

"चुकला, की त्याला एवढंच हवं होतं, ते अजून कळायचं आहे."

मारोतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, एक सांगू? तुमी पारा काढून घेतला, तर पोरीपाशी राहिलं काय? वास होता. म्हणजे ती खोटं बोलते. वरून माह्यावर दबाव हाय. उद्या तिले अटक दाखवाव लागंल."

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेली हर्षा हे ऐकत होती. ती उठली नाही, रडली नाही. तृप्ती जवळ आल्यावर हळू म्हणाली, "मॅडम, त्या पाऱ्यानं मी सुटून राहिली होती. काहून खोललं तुमी झाकण? माही पोरगी हाय ना जी घरी."

खोट्या गोष्टीने सुटलेली बाई पुढे जन्मभर त्या गोष्टीच्या दारात बांधलेली राहते, असलं वाक्य तृप्तीच्या ओठांवर आलं होतं. पट्ट्या बांधलेल्या हातांकडे पाहून ते तिने गिळलं.

"उद्यापर्यंत थांबा," ती मारोतरावांना म्हणाली. "एक माणूस राहिला आहे विचारायचा. सगळी गल्ली वारुळाला गेली होती. एक बाई गेली नव्हती."

५. सुमनबाई

सुमनबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. मूळच्या पवनीकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. बदली झाल्यावर वर्षभरापूर्वी मनकर्णाबाईंच्या लगतचं घर भाड्याने घेतलेलं. तृप्तीला पाहून त्यांनी जय भीम केला, चहा टाकला आणि आधीच सांगून टाकलं, "पोलिसाइले सांगितलं मी सारं. गॅसचा वास आला का, म्हणे. नाही म्हटलं."

"काहीच वास नव्हता?"

"इथं वास नसते असं होते का मॅडम? मी मोरीवर कपडे धुवत होती. कोशाचा वास होता, रोजचाच. त्या दिवशी जरा उग्र होता. शिळा कोसा असंल म्हटलं." त्या हसल्या. "नवीन आली तवा दोन दिवस जेवण गेलं नोव्हतं. आता हा वास नसला तर चुकल्यासारखं वाटते."

"किती वेळ होता?"

"बराच. मंग धडाम झालं अन् कायचा वास अन् कायचं काय."

हर्षाची मुलगी चटईवर झोपली होती. झोपेत तिचा हात कोणाला तरी शोधत होता. सुमनबाईंनी तिच्यावर लुगडं टाकलं आणि आवाज उतरवला. "ते पोरगी वाईट नाही हो. सासूसंग भांडे, पण सासूले दवाखान्यात नेणारी तीच होती."

तृप्ती बाहेर पडली. म्हणजे वास नव्हता, हे दोघी सांगत होत्या. हर्षा निघाली तेव्हा नव्हता. सुमनबाईंना कोशाखेरीज काही आला नाही. तपास जिथे होता तिथेच.

गल्लीच्या वळणावर परसराम कोष्टी उघड्यावर चूल पेटवून बसला होता. ॲल्युमिनियमच्या गुंडात कोसे उकळत होते. ओला, कुजका, नाकात बसणारा वास. तृप्तीने पदर नाकाला लावला.

"घ्या मॅडम, हुंगा!" परसराम हसला. "शहरात अत्तर, आमच्याकडं हे." त्याने झाऱ्याने एक कोसा बाहेर काढला, चिरून दाखवला. आत तपकिरी किडा, शिजलेला. "याच्यासाठी पाप लागते आमाले. जीव मारून धागा काढाव लागते."

तृप्ती तिथेच उभी राहिली.

कोणता जीव मारत नाही. हर्षाने खड्ड्याच्या काठावर उभं राहून हेच सांगितलं होतं. आणि तृप्तीने ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण तिच्या स्वतःच्या घरी तो दिवस कॅलेंडरावरच्या सुट्टीपलीकडे काही नव्हता. सुमनबाईंच्या घरीही नव्हता.

"परसरामभाऊ, नागपंचमीला पुऱ्यात कोसा शिजतो?"

परसरामचा झारा हवेत थांबला. "काय बोलता मॅडम? गुंड पालथे घालून ठेवतो आमी त्या दिवशी. माह्या आज्यापासून कोणी चूल पेटवली नाही कोशाची."

तृप्ती जवळजवळ धावतच मागे गेली. सुमनबाई दारातच होत्या.

"सुमनबाई, तो वास कोशाचा आहे, हे तुम्हाला तुमच्या नाकाने सांगितलं, की कोणी माणसाने?"

सुमनबाई क्षणभर गोंधळल्या. "मीच इचारलं ना जी. कुंपणावरून. कायचा वास हाय म्हटलं. तर प्रविणभाऊ सपरीच्या दारात उभे होते. म्हणे, मायनं कोसा टाकला शिजायले."

६. सरपणाखाली

सपरीचं कुलूप मारोतरावांनी फोडलं. आत जळाऊ लाकडं रचलेली होती, भिंतीपासून दारापर्यंत, जमीन दिसू नये इतकी दाट.

हर्षा उंबऱ्यावर थबकली. "हे सरपण कोणं आणलं? आमी तर सरपण समोरच्या पडवीत ठेवतो. इथं पाणी गळते."

"सणाच्या आदल्या दिवशी इथे काय होतं?"

"काहीच नाही. रिकामी होती. मीच सारवली. सणाले सारं घर सारवलं, ही बी सारवली."

शिपायांनी लाकडं बाहेर काढली. खाली शेणाचं ओलसर सारवण होतं, हर्षाच्या बोटांच्या अर्धगोल फराट्यांसकट. आणि त्या फराट्यांवर गोल ठसे उमटले होते. मोठ्या सिलिंडरांच्या बुडांचे, आणि त्यांच्या शेजारी लहान सिलिंडरांचे, जोडीने. सारवण ओलं असताना कोणी तरी जड सिलिंडर त्यावर ठेवले होते.

"घरात गॅसची कनेक्शनं किती?" तृप्तीने विचारलं.

"एक," हर्षा म्हणाली. ती त्या गोलांकडे पाहत होती. मग तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगणात इश्वरच्या शेजारी उभा होता. मारोतरावांनी दोघांनाही बोलावून आणलं होतं.

प्रविणने खाली पाहिलं. इश्वरने घड्याळाकडे.

७. खोलीत

तृप्तीने सगळ्यांना माग-खोलीत नेलं. बसायला जागा नव्हती, म्हणून सगळे खड्ड्याभोवती उभे राहिले.

"स्फोट शेगडीतून झालाच नाही," ती म्हणाली. "तसं असतं तर ते पातेलं उरलं नसतं. स्फोट या खड्ड्यातून झाला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा वाहतो आणि खोलगट जागी साचतो. सपरीची जमीन उंच, ही खोली खाली, आणि मध्ये हे ताण्याच्या दोरीचं भोक. सपरीत जे सांडलं ते इथे उतरलं."

"सांडलं कुठून?" मारोतरावांनी विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

"मोठ्या सिलिंडरातून लहानात भरताना. हॉटेलवाल्यांना लहान लागतात. गिऱ्हाइकाच्या टाकीतून थोडं थोडं काढलं तर कोणी वजन करत नाही. हे काम नेहमी गोदामात चालत असणार. इश्वर, नागपंचमीच्या दिवशी गोदामात काय होतं?"

मारोतरावच म्हणाले, "कंपनीची तपासणी होती. मी फोन करून इचारलं सकाळी."

"म्हणून टाक्या इथे आल्या. गल्ली रिकामी असणार होती. भरताना नळी सुटली. वास पसरला. कुंपणापलीकडून सुमनबाईंनी विचारलं. पुऱ्यातल्या कोणी विचारलं असतं तर हे उत्तर चाललंच नसतं. पण विचारणारी बाई सण न पाळणारी निघाली, आणि प्रविणने पटकन सांगितलं, माय कोसा शिजवते. मोहाडीला गेलेला माणूस."

"मी बंद केलं होतं!" प्रविणचा आवाज फुटला. "नळी बंद केली, दार उघडं टाकलं, टाक्या गाडीत घातल्या अन् निघालो. वाटलं हवेनं उडून जाईन. बाया परत येऊन राहिल्या होत्या. खड्ड्याचं माह्या डोक्यातच नोव्हतं मॅडम. दिव्याचं नोव्हतं."

"मायला वास येत नाही, हे डोक्यात होतं?"

तो भिंतीवरच्या अर्ध्या नागाकडे पाहत राहिला.

इश्वर पुढे झाला. आवाज अजूनही नम्र होता. "मॅडम, अपघात झाला. मेलेलं माणूस परत येत नाही. मी तर साऱ्याइले वाचवून राहिलो होतो. ही पोरगी बी सुटत होती ना?"

"तू सुटत होतास," तृप्ती म्हणाली. "वास नव्हता हे ती सोडेना. ते खरं धरलं असतं तर गॅसमध्ये वास का नाही म्हणून कंपनी तुझ्या गोदामात आली असती आणि हलक्या टाक्या सापडल्या असत्या. म्हणून तुला वास गिळणारं काही तरी घरातच हवं होतं. नाव तयार होतं. तू ते मेलेल्या बाईच्या तांदळावर टाकलंस."

"नाव तुमीच शिकवलं," इश्वर म्हणाला. या वेळी त्यात नम्रपणा नव्हता.

"पुढचंही शिकवलं होतं," तृप्ती म्हणाली. "तू तेवढं सोडून दिलंस."

मारोतरावांनी शिपायाला खूण केली. प्रविण हर्षाकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"हर्षे, माह्याकडून चुकलं. मायले मी मारीन का? चुकीनं झालं."

"मायचं चुकीनं झालं," हर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मान्य करतो मी. पण मग ठाण्यात उभा राहून माहं नाव सांगितलं, ते बी चुकीनं? रोज मले तिथं बसवलं, घरी येऊन जेवला, रात्री झोपला, सकाळी उठून पुन्हा तेच सांगितलं. ते तू एक एक शब्द पाहून सांगितलं, प्रविण."

त्या पुऱ्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. परसराम दारात उभा होता. तो मागे सरला.

८. वाटी

जीप गेली. गल्लीतली माणसं हळूहळू पांगली. काल ज्यांनी सुनेला शिव्या दिल्या होत्या, त्याच बाया आता दारातून "माय वं, बिचारी" म्हणत होत्या. हर्षाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सुमनबाई मुलीला घेऊन आल्या. पोरीने भुकेचं रडू काढलं होतं. हर्षाने शेजारून आलेलं दूध वाटीत ओतलं, पट्ट्यांच्या हातांनी वाटी नाकाजवळ नेली, हुंगली. मग सवयीने वाटी डाव्या बाजूला पुढे केली. तिथे कोणी नव्हतं. तिने ती परत घेतली आणि मुलीच्या तोंडाला लावली.

तृप्ती निघायला उभी राहिली. काही तरी बोलायला हवं होतं. "तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतात," ती म्हणाली. "निघालात तेव्हा वास नव्हताच."

"हो ना." हर्षाने मुलीच्या ओठांवरचं दूध पदराने पुसलं. "पोलिसाइनं नाही मानलं, नवऱ्यानं नाही मानलं. त्या इश्वरनं मानलं ते सोताच्या कामापुरतं. तुमी बी मानलं ते बरणी उघडून पाहून. या घरात माह्या नाकावर नुसता इश्वास ठेवणारी एकच बाई होती मॅडम. अन् गाव म्हणे, मी तिलेच मारलं."